श्रवण, वरण आणि रुसवा : रुक्मिणीकथेच्या मराठी परंपरेतून पौराणिक मालिकांतील दैवी प्रेमाचा विचार

१. प्रास्ताविक

रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली आणि पुराणकथा ऐकण्याच्या भारतीय रीतीला नवे वळण लागले. पाठोपाठ २ ऑक्टोबर १९८८ पासून बी. आर. चोप्रा यांची 'महाभारत' ही मालिका आली. तिची संवादरचना राही मासूम रझा यांची होती आणि कृष्णाची भूमिका नितीश भारद्वाज या मराठी नटाने केली होती. १९९३ मध्ये सागर यांची 'श्रीकृष्ण' ही मालिका सुरू झाली. पुढे खासगी वाहिन्यांच्या काळात 'देवों के देव महादेव' (२०११-२०१४), 'राधाकृष्ण' (२०१८-२०२३) या हिंदी मालिकांनी आणि मराठीत 'जय मल्हार' (२०१४-२०१७) व २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'विठूमाऊली' या मालिकांनी हा प्रवाह चालू ठेवला. या सर्व मालिकांची मांडणी एकत्र पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. आरंभीच्या मालिकांचे केंद्र धर्म, कर्तव्य आणि युद्ध हे होते. नंतरच्या मालिकांत ते केंद्र उत्तरोत्तर देव-देवतांच्या प्रेमाकडे सरकत गेले. 'राधाकृष्ण' या मालिकेच्या शीर्षकातच हा बदल नोंदला गेला आहे.

दैवी प्रेम हा विषय मराठी वाङ्मयाला नवा नाही. किंबहुना मराठीतील आरंभीची आख्यानकाव्ये याच विषयावर उभी आहेत. म्हणून या मालिकांचा विचार करताना केवळ 'मूळ पुराणाशी प्रामाणिक की अप्रामाणिक' असा प्रश्न विचारणे अपुरे ठरते. मूळ म्हणावे असे पुराण एक नाही, आणि मराठी कवींनीही पुराणकथा जशीच्या तशी सांगितलेली नाही. अधिक उपयुक्त प्रश्न असा की, मराठी परंपरेने दैवी प्रेमाची जी घडण केली तिची अंगे कोणती, आणि दूरचित्रवाणीच्या माध्यमात त्यांपैकी काय टिकते, काय गळते? प्रस्तुत लेखात रुक्मिणीकथेच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

या विचाराला भोकरदन परिसराची पार्श्वभूमी सोयीची आहे. केळणा नदीकाठचे हे गाव प्राचीन भोगवर्धन होय. भारहुत आणि सांची येथील दानलेखांत या गावाच्या रहिवाशांचा उल्लेख येतो. याच तालुक्यातील जयदेववाडी येथे 'जाळीचा देव' हे श्रीचक्रधरस्वामींच्या वास्तव्याशी जोडलेले महानुभाव पंथीयांचे तीर्थस्थान आहे. ज्या पंथाने मराठीला रुक्मिणीची पहिली काव्ये दिली, त्या पंथाची जिवंत श्रद्धा या तालुक्यात आजही पाहावयास मिळते. त्याच घरांतून, सायंकाळी मालिकाही पाहिल्या जातात. पदव्युत्तर वर्गात 'धवळे' वाचावयास बसणारा विद्यार्थी या दोन्ही परंपरांचा वारस असतो, आणि बहुधा दुसरी परंपरा त्याला अगोदर भेटलेली असते.

२. रुक्मिणीकथेचा मराठी कणा

रुक्मिणीच्या विवाहाची कथा भागवताच्या दशम स्कंधात येते. विदर्भराज भीष्मकाची ही कन्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडून कृष्णाचे गुण ऐकते आणि मनाने त्याला वरते. भाऊ रुक्मी तिचा विवाह चेदिराज शिशुपालाशी ठरवितो. तेव्हा ती एका ब्राह्मणाकरवी द्वारकेला निरोप धाडते. हा निरोप नीट पाहिला पाहिजे. त्यात केवळ विरहाचे निवेदन नाही; त्यात योजना आहे. विवाहाच्या आदल्या दिवशी कुलदेवतेच्या दर्शनासाठी आपण नगराबाहेर जाऊ, तेथून आपणास न्यावे, म्हणजे अंतःपुरात शिरून आप्तांचा वध करण्याचा प्रसंग येणार नाही, हे ती स्वतः सुचविते. हरण कृष्ण करतो खरा, परंतु त्या हरणाचा बेत रुक्मिणीचा आहे. हिला 'स्वयंवर' म्हणताना मराठी कवींनी शब्द सैलपणे वापरलेला नाही. येथे मंडप नाही, राजांची रांग नाही, पण वरण आहे, आणि ते 'स्वयं' आहे.

ही कथा मराठीत प्रथम आली ती महानुभाव साहित्यातून. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या निमित्ताने महदंबेने जे 'धवळे' गायिले, ते मराठीतील आद्य कवयित्रीचे काव्य म्हणून मान्यता पावले आहेत. त्यांचा विषय रुक्मिणीस्वयंवर हाच. धवळा म्हणजे वराला उद्देशून गावयाचे लग्नगीत. अर्थात हे काव्य कोणी एकान्तात वाचावे म्हणून झाले नाही. ते एका लग्नात, लग्नकार्य म्हणून गायिले गेले. ऐकणारे प्रेक्षक नव्हते, वऱ्हाडी होते. पुढे नरेंद्राने याच विषयावर 'रुक्मिणीस्वयंवर' हे प्रौढ शृंगारकाव्य रचले (इ. स. १२९२). देवगिरीच्या रामदेवरायाने त्यावर आपले नाव घालण्यासाठी दर ओवीस सुवर्णनाणे देऊ केले आणि कवीने ते नाकारले, अशी कथा परंपरेत सांगितली जाते. भास्करभट्ट बोरीकराच्या 'शिशुपाळवधा'तही कृष्ण-रुक्मिणीच्या शृंगाराला मोठी जागा मिळाली. इतकी की ग्रंथ चांगला झाला असला तरी तो निवृत्तिमार्गी साधकाच्या कामाचा नाही, असा अभिप्राय पंथातूनच व्यक्त झाल्याची आणि त्यानंतर कवीने 'उद्धवगीता' लिहिल्याची नोंद परंपरेने जपली आहे. दैवी प्रेम आणि मानवी शृंगार यांच्या सीमेविषयीचा वाद मालिकांमुळे निर्माण झालेला नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

सोळाव्या शतकात एकनाथांनी काशी येथे १५७१ मध्ये आपले 'रुक्मिणीस्वयंवर' पूर्ण केले. १८ प्रसंगांच्या आणि १७१२ ओव्यांच्या या काव्यात विवाहाला जीव-शिवाच्या ऐक्याचा अर्थ दिलेला आहे. तरीही वऱ्हाड, रुखवत, विहिणींचे मानपान असा लग्नघरातील सारा संभार नाथांनी सोडलेला नाही. मराठवाड्यात लग्न जुळण्यासाठी उपवर मुलीने या ग्रंथाचे पारायण करावे असा प्रघात आहे. या प्रघातात एक अंतर्विरोध आहे आणि तो फारसा कोणी बोलून दाखवीत नाही. भावाने ठरविलेले स्थळ नाकारणाऱ्या मुलीची कथा, घरच्यांनी पाहिलेले स्थळ जुळावे म्हणून वाचली जाते. म्हणजे मुलीच्या तोंडी रुक्मिणीचे शब्द येतात, पण तिचा निर्णय येत नाही.

३. श्रवणाचे प्रेम आणि दर्शनाचे माध्यम

या काव्यपरंपरेतील प्रेमाचे पहिले अंग श्रवण हे आहे. रुक्मिणीने कृष्णाला पाहिलेले नाही. ती जे वरते ते ऐकीव आहे. भक्तीच्या नऊ प्रकारांत श्रवणाला पहिले स्थान आहे याची येथे सहज आठवण होते. न पाहिलेल्यावर विश्वास ठेवणे हाच या प्रेमाचा धोका आणि हेच त्याचे सामर्थ्य.

महानुभावांना या गोष्टीचा विशेष अर्थ होता. श्रीचक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेल्यानंतर त्यांच्या अनुयायांपाशी जे उरले ते आठवणींचे धन होते. म्हाइंभटाने घरोघर, माणसामाणसाला भेटून 'लीळाचरित्र' संकलित केले ते यामुळेच. स्वामी जेथे जेथे बसले, राहिले त्या स्थळांची नोंद ठेवण्यासाठी 'स्थानपोथी' सिद्ध झाली. जाळीच्या देवासारख्या ठिकाणी वंदन होते ते स्थानाला. तेथे महत्त्व आहे ते स्वामींच्या चरणस्पर्शाने पुनीत झालेल्या भूमीला. जो आता दिसत नाही त्याच्यावरील प्रेम कसे टिकवावे, या प्रश्नाचे हे उत्तर आहे; आणि रुक्मिणी ही त्या अनुयायांना आपली वाटली याचे कारणही बहुधा येथेच आहे. तिनेही ऐकूनच प्रेम केले होते.

दूरचित्रवाणीला हे अंग पेलणे स्वभावतःच कठीण आहे. कॅमेऱ्यापुढे नायक अदृश्य राहू शकत नाही. रुक्मिणी कृष्णाचे गुण ऐकत असताना प्रेक्षकाने कृष्णाला कित्येक भागांपासून पाहिलेले असते. तो सुंदर आहे, तो येणार आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. त्यामुळे रुक्मिणीच्या निर्णयातील धोका प्रेक्षकाच्या अनुभवाचा भाग होत नाही. तिच्याविषयी सहानुभूती वाटते, पण तिच्या जागी उभे राहता येत नाही. काव्यात वाचक रुक्मिणीबरोबर ऐकत असतो. पडद्यापुढे तो तिच्याकडे पाहत असतो. हा फरक दिग्दर्शकाच्या कौशल्याचा नसून माध्यमाच्या प्रकृतीचा आहे.

एवढ्यावरून हे माध्यम भक्तीला पारखे आहे असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. 'रामायण' मालिकेच्या काळात स्नान करून, संचाला हार घालून आणि उदबत्ती लावून लोक तिच्यापुढे बसत, रविवारच्या सकाळी रस्ते ओस पडत. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत 'रामायण' आणि 'महाभारत' यांचे पुनःप्रक्षेपण झाले तेव्हाही घरोघरी एकत्र बसून ते पाहिले गेले. म्हणजे प्रेक्षकाने दर्शन या दुसऱ्या भक्तिव्यवहाराच्या आधारे मालिकेला आपल्या परंपरेत सामावून घेतले. देवाला पाहणे आणि देवाच्या दृष्टीस पडणे यालाही आपल्याकडे मोठी प्रतिष्ठा आहे. प्रश्न दर्शन हीन की श्रवण श्रेष्ठ असा नाही. दर्शनाने जे प्रेम घडते ते वेगळ्या जातीचे असते, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे.

४. वरण की नियती

दुसरे अंग वरणाचे. या बाबतीत मालिकांनी घडविलेला बदल अधिक खोल आहे. 'राधाकृष्ण' या मालिकेचा आरंभ गोलोकात होतो. श्रीदामाच्या शापामुळे राधेला पृथ्वीवर जन्म घ्यावा लागतो आणि कृष्णाचा विसर पडतो. हे कथाबीज ब्रह्मवैवर्त पुराणाच्या परंपरेतील आहे. ते मालिकेने कल्पिलेले नाही. राधेचे नाव भागवतात येत नाही. जयदेवाच्या 'गीतगोविंदा'ने आणि नंतर व्रजभूमीतील संप्रदायांनी तिला जे स्थान दिले, त्याचे तत्त्वज्ञान समृद्ध आहे आणि त्याविषयी अनादर असण्याचे काहीच कारण नाही. परंतु एका प्रदेशाची ही दृष्टी हिंदी मालिकांच्या द्वारा सर्व प्रदेशांची होऊ लागते, तेव्हा अन्य दृष्टी झाकल्या जातात. मराठीत राधा आहे. ती गवळणींत आहे, लावणीत आहे. तेथे ती तक्रार करणारी, थट्टा करणारी, दह्यादुधाच्या व्यवहारातील गवळण आहे. आख्यानकाव्याची नायिका मात्र रुक्मिणी आहे. मालिकांतून कृष्णकथा प्रथम भेटलेल्या विद्यार्थ्याला रुक्मिणी ही राधेनंतरची, कर्तव्य म्हणून स्वीकारलेली पत्नी वाटते. 'धवळे' शिकविताना हा पूर्वग्रह प्रथम दूर करावा लागतो.

मुद्दा केवळ राधा की रुक्मिणी एवढाच नाही. शापाने आरंभ होणाऱ्या कथेत प्रेम हे पूर्वनियोजित असते. पात्रांना ते फक्त आठवावयाचे असते. अडथळेही नियतीचेच असतात. अशा कथेत नायिका प्रतीक्षा करते, अश्रू ढाळते, त्याग करते. निर्णय घेत नाही, कारण निर्णय अगोदर झालेला असतो. उलट महदंबेची आणि नरेंद्राची रुक्मिणी निर्णय घेते, निरोप धाडते आणि मग भयाने वाट पाहते.

यावर असा आक्षेप घेता येईल की, रुक्मिणी ही लक्ष्मीचा अवतार असल्याचे भागवतही सांगते. मग तिचे प्रेम तरी पूर्वनियोजित नव्हे काय? आक्षेप योग्य आहे. परंतु अवतारकल्पना काव्यात असणे आणि तिने कथेची गती ठरविणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. मराठी कवींनी ती कल्पना पार्श्वभूमीला ठेवली. देवीच्या देवळाकडे जाणाऱ्या रुक्मिणीच्या मनात आपण लक्ष्मी आहोत हा दिलासा नाही. ब्राह्मण अद्याप का परतला नाही, ही चिंता आहे. काव्याचा ताण त्या चिंतेतून निर्माण होतो. मालिकेत ही अवतारकल्पना पुढे येते, कारण शेकडो भागांची कथा एका सूत्रात बांधण्यासाठी शाप आणि पूर्वजन्म ही साधने सोयीची असतात.

५. रुसव्याचे स्थान

तिसरे अंग रुसव्याचे. येथे मराठी परंपरेचे वेगळेपण सर्वांत स्पष्ट दिसते. भागवतातच एक प्रसंग आहे. कृष्ण थट्टेने रुक्मिणीला म्हणतो की, राजांना भिऊन समुद्रात जाऊन राहिलेल्या माझ्यासारख्या निष्कांचनाला वरण्यात तुझी चूक झाली. ती मूर्च्छित पडते. तिला सावरून तो सांगतो की, तुझा प्रणयकोपाने रंगलेला चेहरा पाहावयाचा होता, आणि अशी थट्टा हाच गृहस्थाचा लाभ आहे. देवाच्या तोंडी आलेली ही गृहस्थाश्रमाची भाषा महाराष्ट्राने मनापासून स्वीकारली. पंढरपूरच्या स्थलकथेत राधेला कृष्णाच्या सन्निध पाहून रुक्मिणी रुसते, द्वारका सोडून दिंडीरवनात येते आणि तिला शोधत देव येतो. विठ्ठल भूवैकुंठी येण्याचे एक कारण पुंडलिकाची सेवा, तर दुसरे रुक्मिणीचा रुसवा. पंढरपुरात रखुमाईचे देऊळ आजही वेगळे आहे. विठ्ठलाच्या शेजारी ती उभी नाही. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात विठ्ठलाच्या घडणीतील अनेक प्रवाह उलगडले आहेत, त्या प्रवाहांच्या संगमावर लोकमनाने एका रुसलेल्या पत्नीची कथा ठेवावी, हे अर्थपूर्ण आहे.

खंडोबाच्या कथेतही हेच दिसते. नेवाशाची वाणी घराण्यातील म्हाळसा आणि चंदनपुरीची धनगरकन्या बानू या त्याच्या दोन पत्नी. सारीपाटाचा डाव हरून देव घराबाहेर पडतो, बानूच्या वाड्यावर चाकरी धरतो, मेंढरे राखतो. जेजुरीत बानूचे देऊळ गडाच्या पायऱ्यांच्या वाटेत आहे आणि म्हाळसा वर देवाशेजारी आहे. वाघ्या-मुरळीच्या जागरणात दोघी सवतींचे भांडण रंगवून गायिले जाते. हे भांडण मिटत नाही, आणि मिटावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. दोन जाती, दोन व्यवसाय, दोन जीवनरीती एका देवाशी नाते सांगतात. त्यांच्यातील अंतर लपवून ठेवण्याऐवजी लोकपरंपरेने त्याला देवळाच्या रचनेत जागा दिली.

'जय मल्हार' या मालिकेने ही कथा मराठी घराघरांत नेली हे तिचे निर्विवाद श्रेय आहे. हिंदी मालिकांच्या वर्चस्वाच्या काळात एका मराठी लोकदेवाचा संसार दूरचित्रवाणीच्या केंद्रस्थानी आला. देव चाकरी करतो, प्रेमासाठी हलके काम पत्करतो, हा लोककथेचा गाभा पडद्यावर दिसला. तथापि दैनंदिन मालिकेची गरज वेगळी असते. रोजच्या भागाच्या शेवटी प्रश्न शिल्लक ठेवावा लागतो. त्यामुळे म्हाळसा-बानूचा कलह कौटुंबिक मालिकांतील सवतीमत्सराच्या घाटात बसविणे सोपे जाते. जागरणात ऐकणारा दोघींची बाजू घेऊन हसतो. मालिकेत त्याला एकीची बाजू निवडावीशी वाटते, खरे प्रेम कोणाचे, असा निवाडा करावासा वाटतो. परंपरेत जो रुसवा नात्याची रीत होता, तो मालिकेत नात्यापुढील संकट बनतो. संकट म्हटले की ते निवारावे लागते. रीत मात्र पाळली जाते.

६. समारोप

वरील विवेचनातून असे म्हणता येईल की, मराठी परंपरेत दैवी प्रेमाचा क्रम श्रवण, वरण आणि रुसवा असा आहे. न पाहिलेल्यावर विश्वास, स्वतः घेतलेला निर्णय आणि त्या निर्णयानंतरचा संसार, ही त्याची तीन अंगे. पौराणिक मालिकांत या क्रमाच्या जागी दर्शन, नियती आणि प्रतीक्षा असा क्रम येतो. पहिल्या अंगाचे रूपांतर माध्यमामुळे होते आणि ते टाळता येण्यासारखे नाही. तिसऱ्या अंगाचे रूपांतर प्रक्षेपणाच्या व्यवहारामुळे होते. दुसऱ्या अंगाचे रूपांतर मात्र निवडीचा भाग आहे. रुक्मिणीच्या निरोपाला पडद्यावर पूर्ण वेळ देता येतो, तिची योजना तिच्याच तोंडून सांगता येते. त्यासाठी कोणत्याही तंत्राची उणीव नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक दिशा मिळते. 'धवळे' किंवा नरेंद्राचे काव्य शिकविताना मालिका विसरावयास सांगणे व्यर्थ आहे. रुक्मिणीहरणाचा मालिकेतील भाग आणि काव्यातील तोच प्रसंग समोरासमोर ठेवून, येथे निर्णय कोणाचा आहे, रुक्मिणीला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, ऐकणाऱ्याला किंवा पाहणाऱ्याला कोठे उभे केले आहे, हे प्रश्न विद्यार्थ्यांना सोडवावयास द्यावेत. भोकरदनसारख्या ठिकाणी तर नाथांचे 'रुक्मिणीस्वयंवर' घरात कोणी, केव्हा, कशासाठी वाचले, याची नोंद विद्यार्थी आपल्या आजी-आईपासून घेऊ शकतील. जेथे मुलीच्या विवाहाचा निर्णय अजूनही बहुधा वडील आणि भाऊ घेतात, तेथे या नोंदींचे मोल केवळ वाङ्मयीन राहणार नाही. सातशे वर्षांहून अधिक काळ विदर्भाच्या एका मुलीचा नकार आणि होकार मराठीत गायिला जात आहे. पारायणाला बसलेल्या मुलीला ओव्यांचा आवाज येतोच. त्यांतील रुक्मिणी काय म्हणते आहे हेही तिला ऐकू यावे, ही जबाबदारी मराठीच्या अध्यापकाची आहे.